घोडे किती? आधी सांगा, भागिले काय?

मेकॅनिकलची पोरं राहतात अशा कोणत्याही हॉस्टेलमध्ये दोन पक्ष असतातच. एक युरोपवाल्यांचा. यांच्या भिंतीवर लाल फेरारी, नाहीतर पोर्शे. दुसरा अमेरिकावाल्यांचा. यांच्याकडे मस्टँग, चार्जर, कमारो आणि बॉनेटवर दोन जाड पट्टे. मेसच्या रांगेत, सबमिशनच्या रात्री, अगदी पीएलमध्येसुद्धा कधीही ठिणगी पडते. युरोपवाला म्हणतो, "तुमची गाडी फक्त सरळ जाते. वळण आलं की संपलं." अमेरिकावाला म्हणतो, "तुमची गाडी रस्त्यापेक्षा गॅरेजमध्ये जास्त असते." मग युरोपवाला शेवटचं अस्त्र काढतो, "हॉर्सपॉवर पर लिटर बघ ना!" आणि वाद तिथेच थांबतो. कारण या आकड्याला उत्तर नाही, असं दोन्ही पक्ष धरून चालतात.

माझ्या मते उत्तर आहे, आणि ते म्हणजे एक उलटा प्रश्न: पर लिटरच का? पर डॉलर का नाही? पर किलो का नाही?

भागाकारात खाली जे असतं त्याला मराठीत 'छेद' म्हणतात. (हा शब्द मला माझ्या मराठी मीडियमच्या रूममेटने शिकवला. आम्ही कॉन्व्हेंटवाले आयुष्यभर 'डिनॉमिनेटर'च म्हणत आलो.) वरच्या आकड्याकडे, म्हणजे अंशाकडे, सगळ्यांचं लक्ष असतं. पण गाडी कशी होणार हे बरंचसं छेद ठरवतो. अमेरिकन मसल कार आणि युरोपियन स्पोर्ट्स कार यांचं भांडण हे माझ्या दृष्टीने दोन छेदांचं भांडण आहे. आणि दोघांनीही एक छेद लिहायचाच टाळला. त्याबद्दल शेवटी.

दोन जीटीओ

या वैराची सगळ्यात मजेदार गोष्ट एका नावाच्या उचलेगिरीची आहे. फेरारीने १९६२ साली २५० जीटीओ आणली. जीटीओ म्हणजे 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो', म्हणजेच जीटी वर्गाच्या रेसमध्ये उतरायची मान्यता मिळालेली गाडी. ३ लिटरचं व्ही-१२ इंजिन, सुमारे ३०० हॉर्सपॉवर. १९६४ पर्यंत अशा जेमतेम ३६ गाड्या बनल्या. अमेरिकेत किंमत १८,००० डॉलरच्या आसपास. नुसते पैसे असूनही भागायचं नाही. गाडी कोणाला द्यायची यात खुद्द एंझो फेरारींचा शब्द चालायचा.

तिकडे डेट्रॉइटमध्ये जनरल मोटर्सचा एक नियम होता: मधल्या साइझच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा, मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाक ही त्यांचीच एक कंपनी. तिथे जॉन डीलोरियन (हो, तेच, पुढे स्टीलच्या गाडीमुळे गाजलेले), बिल कॉलिन्स आणि रस गी या इंजिनीअर लोकांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. पाँटियाकचं ३८९ क्यूबिक इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं, मोठं इंजिन बाहेरून लहान इंजिनाएवढंच होतं. माउंटिंगही तेच. म्हणजे मोठ्या गाडीचं इंजिन मधल्या टेम्पेस्ट गाडीत आरामात बसत होतं. नियम मॉडेलला लागू होता, म्हणून यांनी ते 'ऑप्शन' म्हणून विकायला काढलं. जादा खर्च ३०० डॉलरच्या आत, अख्खी गाडी साधारण सव्वातीन हजार डॉलरला. नाव दिलं जीटीओ! रेसची मान्यता वगैरे काही नव्हतंच. अंदाज होता ५,००० गाड्यांचा. १९६४ च्या मॉडेलच्या ३२,४५० गेल्या. मसल कारचा जमाना इथून सुरू झाला असं बहुतेक जण मानतात.

मार्च १९६४ मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने कव्हरवर दोन्ही जीटीओ आमनेसामने काढल्या. फोटो नव्हे, चित्र. कारण फेरारी त्यांना टेस्टसाठी मिळालीच नव्हती! पाँटियाक मात्र मिळाली, आणि तिने शून्य ते ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठला असं छापून आलं. सगळी अमेरिका खूश. पुढे बऱ्याच वर्षांनी पाँटियाकच्या जाहिरातीचं काम पाहणारे जिम वँगर्स यांनी सांगून टाकलं की त्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ क्यूबिक इंचांचं इंजिन घातलं होतं. थोडक्यात, एक गाडी आलीच नाही आणि दुसरी आली ती वेगळं इंजिन घालून. आपल्या हॉस्टेलमधल्या वादांपेक्षा हे काही फार वेगळं नाही.

पिस्टनचा हिशोब

आता त्या 'पर लिटर'कडे येऊ. फेरारीचे ३०० भागिले ३, म्हणजे लिटरमागे १०० हॉर्सपॉवर. पाँटियाकच्या तीन कार्ब्युरेटरवाल्या दणकट इंजिनाचे ३४८ भागिले ६.४, म्हणजे ५४. निम्म्याच्या जरा वर. मग डेट्रॉइटचे इंजिनीअर काय झोपा काढत होते?

आयसी इंजिनच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये 'मीन पिस्टन स्पीड' येतं. दोन गुणिले स्ट्रोक गुणिले सेकंदाला फेरे. ओरलला विचारतात म्हणून आपण पाठ करतो आणि विसरतो. इथे वापरून बघा. फेरारीचा स्ट्रोक ५८.८ मिलिमीटर आणि जास्तीत जास्त ताकद ७,५०० आरपीएमला. उत्तर येतं सेकंदाला १४.७ मीटर. पाँटियाकचा स्ट्रोक ९५.२५ मिलिमीटर आणि ताकद ४,९०० आरपीएमला. उत्तर १५.६ मीटर. म्हणजे ज्या इंजिनाला आपण 'आळशी' म्हणतो त्याचा पिस्टन फेरारीच्या पिस्टनपेक्षा किंचित जास्तच जोरात धावतोय!

पुढचा हिशोब टॉर्कचा. पाँटियाकचा सुमारे ५८० न्यूटन-मीटर, फेरारीचा सुमारे २९५. लिटरमागे काढलं तर पाँटियाक ९१, फेरारी १००. अमेरिकन आकडे त्या काळी जरा फुगवून सांगितले जात (ते खाली येईलच), तरीसुद्धा फरक दुपटीचा नाही. म्हणजे दर स्ट्रोकला एक लिटर मिश्रणाकडून दोन्ही इंजिनं जवळपास सारखंच काम करून घेत होती. खरा फरक आरपीएममध्ये आहे. फेरारीने तीन लिटर बारा लहान सिलिंडरमध्ये वाटले, स्ट्रोक आखूड ठेवला आणि इंजिनाला जास्त फेरे मारायला लावले. हे कौशल्याचंच काम आहे, त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण बारा सिलिंडर म्हणजे बारा पिस्टन, बारा कनेक्टिंग रॉड, चोवीस व्हॉल्व्ह, सगळं बारीक टॉलरन्समध्ये आणि बरंचसं हाताने जुळवलेलं. १८,००० डॉलर कुठे जात होते ते इथे कळतं.

छेद कोण लिहितं?

युरोपने 'पर लिटर' हा छेद इंजिनीअरिंगच्या प्रेमापोटी निवडला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा तो कर खात्याने लिहून दिला. इंग्लंडमध्ये कितीतरी वर्षं गाडीवरचा कर सिलिंडरच्या बोअरवर काढत. म्हणून ब्रिटिश इंजिनं अरुंद बोअर आणि लांबलचक स्ट्रोकची झाली. हा कर गेला १९४० च्या दशकाच्या शेवटी, पण इंजिनांची ठेवण पुढेही काही वर्षं तशीच राहिली. फ्रान्समध्येही 'फिस्कल हॉर्सपॉवर' असायची, म्हणजे कर खात्याच्या हिशोबातले घोडे. इटलीत दोन लिटरच्या वर गेलात की कराचा बोजा इतका वाढायचा की १९७५ साली फेरारीने फक्त देशातल्या गिऱ्हाइकांसाठी दोन लिटरचं चिमुकलं व्ही-८ घालून २०८ जीटी४ आणली. साक्षात फेरारी, पण कर अधिकाऱ्यापुढे तिलाही मान तुकवावी लागली. शिवाय पेट्रोल महाग, गावातले रस्ते अरुंद, आल्प्समध्ये घाटच घाट. लहान, हलकं, जोरात फिरणारं इंजिन आणि वळणारी गाडी ही तिथली गरज होती.

आपल्याकडेही हेच चालतं. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना करात सवलत मिळाली आणि चांगल्या लांबट सेडानच्या डिक्क्या कापल्या गेल्या. त्या डिक्क्यांचं खरं डिझाइन बजेटमध्ये झालं.

अमेरिकेत यातलं काहीच नव्हतं. १९६५ च्या सुमाराला गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, साधारण ३१ सेंट पडायचे. १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट हायवे बांधायला घेतले होते. सरळसोट, रुंद. आणि पोरांचा खेळ होता ड्रॅग रेस: पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, एका रेषेत. इंजिन मोठं केलं म्हणून कोणी जादा कर लावत नव्हतं. मग लहान इंजिन जोरात फिरवण्याचा खर्च करायचाच कशाला? मोठं बसवा, हळू फिरवा, स्वस्तात द्या.

हे नुसतं अंदाजाने म्हणत नाही. छेद बदलला की काय होतं याचे दोन सरळ पुरावे आहेत. पहिला अमेरिकेचा. ट्रान्स-ॲम रेसमध्ये नियम होता की इंजिन ५ लिटरच्या आत हवं. लगेच शेवरलेने ३२७ क्यूबिक इंचांच्या ब्लॉकमध्ये २८३ चा आखूड क्रँक बसवून ३०२ चं इंजिन काढलं आणि कमारो झेड-२८ मध्ये घातलं. जोरात फिरणारं, अगदी युरोपियन स्वभावाचं! मार्क डॉनह्यूने पेन्स्के टीमच्या कमारोतून शेवरलेला १९६८ आणि १९६९ असं लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवून दिलं. दुसरा पुरावा फेरारीचा. कॅन-ॲम रेसमध्ये इंजिनाच्या आकाराला वरची मर्यादाच नव्हती. तिथे १९७१ साली फेरारी काय घेऊन आली? ७१२, जवळजवळ सात लिटरचं व्ही-१२. लिटर फुकट मिळाले तेव्हा इटालियन लोकांनीही अमेरिकन लोकांसारखेच पोटभर घेतले. दोघांनाही दोन्ही गोष्टी येत होत्या. प्रश्नपत्रिका वेगळी होती, एवढंच.

स्वस्त करणं हेही इंजिनीअरिंगच

आता माझा खरा मुद्दा. आपल्या डोक्यात कुठेतरी बसलंय की महाग आणि गुंतागुंतीचं म्हणजे भारी इंजिनीअरिंग, आणि स्वस्त आणि साधं म्हणजे जुगाड. प्रोजेक्टच्या वेळीसुद्धा ज्याच्या मॉडेलमध्ये जास्त सेन्सर त्याला जास्त मार्क. हे मला पटत नाही.

१९६८ ची प्लिमथ रोड रनर घ्या. कंपनीने ठरवलं की पाव मैल १४ सेकंदांच्या आसपास पळणारी गाडी ३,००० डॉलरच्या आत द्यायची. मग काय काय काढलं? पुढे साधं लांबलचक बेंच सीट, खाली गालिच्याऐवजी रबरी मॅट, सजावट जवळपास शून्य. काय ठेवलं? ३८३ क्यूबिक इंचांचं, ३३५ हॉर्सपॉवरचं इंजिन, चांगलं सस्पेन्शन, आणि वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर देऊन घेतलेलं कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव. त्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' करणारा हॉर्नही. मूळ किंमत २,८९६ डॉलर. एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त गाड्या खपल्या. काय टाकायचं आणि काय राखायचं हे इतकं स्वच्छ ठरवणं ही डिझाइनची परीक्षाच आहे, आणि त्यात ते फर्स्ट क्लासने पास झाले.

मस्टँगचंही तसंच. १७ एप्रिल १९६४ ला ती आली तेव्हा किंमत होती २,३६८ डॉलर. आत सगळा संसार फोर्डच्या साध्यासुध्या फाल्कनचा, वर नवं अंग. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून जास्त लोकांनी घेतली. फॅक्टरीत काम करणारा, नुकताच नोकरीला लागलेला, असा माणूस शोरूममध्ये जाऊन हप्त्यांवर वेगवान गाडी घेऊन बाहेर पडत होता. युरोपमध्ये तेव्हा असा वेग हौशी श्रीमंतांकडे होता.

पुशरॉडला नावं ठेवायची फॅशन आहे, त्याबद्दलही एक शब्द. व्ही-८ च्या दोन रांगांच्या मधोमध एकच कॅमशाफ्ट, तिथून रॉडने व्हॉल्व्हपर्यंत. वर कॅम नसल्याने सिलिंडर हेड लहान राहतं, म्हणून इंजिन अरुंद आणि बुटकं राहतं. पार्ट कमी, गावातल्या मेकॅनिकलाही समजणारं. त्यामुळे ते कुठेही बसायचं. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ घातलं आणि कोब्रा तयार झाली. तिच्या बंद छताच्या डेटोना कूपेने १९६५ ची जागतिक जीटी चॅम्पियनशिप फेरारीच्या हातून काढून घेतली. आणि सगळ्यात भारी उदाहरण जोत्तो बिझ्झारिनींचं. फेरारी २५० जीटीओ घडवण्याचं काम ज्यांनी सुरू केलं तेच हे इंजिनीअर. १९६१ मध्ये ते फेरारीतून बाहेर पडले आणि पुढे ईझो ग्रिफो नावाची देखणी इटालियन गाडी त्यांनी उभी केली. त्यात इंजिन कोणतं? शेवरलेचं पुशरॉड व्ही-८. ज्याने फेरारीचं व्ही-१२ आतून बाहेरून पाहिलं होतं, त्याला डेट्रॉइटचं इंजिन हलकं वाटलं नाही. मग आपल्याला का वाटावं?

बैलगाडीची स्प्रिंग

युरोपवाले मित्र आता म्हणतील, इंजिन ठीक आहे, पण मागे ती बैलगाडीची लीफ स्प्रिंग आणि अखंड ॲक्सल, त्याचं काय? बरोबर आहे, बहुतेक मसल कारला मागे अखंड ॲक्सल होता आणि बऱ्याच जणींना लीफ स्प्रिंगही. खडबडीत वळणावर एक चाक उडालं की दुसऱ्यालाही ते कळायचंच. पण मंडळी, २५० जीटीओच्या मागेसुद्धा अखंड ॲक्सल आणि लीफ स्प्रिंगच होत्या! फरक असा की फेरारीने त्या ॲक्सलला वॉट लिंकेज लावून बाजूला सरकण्यापासून रोखलं होतं आणि गाडीचं वजन खूप कमी ठेवलं होतं. तोच पार्ट, पण त्याच्यावर किती विचार केलाय यावर सगळं अवलंबून.

आणि विचार करायचं ठरवलं तर अमेरिकन काय करू शकतात हे ले मॉन्सने दाखवलंच. १९६३ मध्ये फोर्डने फेरारी विकत घ्यायचा प्रयत्न केला. रेसिंगची सूत्रं कोणाच्या हातात राहणार यावर एंझो फेरारींनी बोलणी मोडली. फेरारीने १९६० ते १९६५ सलग सहा वर्षं ले मॉन्सची २४ तासांची रेस जिंकली होती. फोर्डच्या जीटी४० गाड्या १९६४ आणि १९६५ ला सपशेल बंद पडल्या. मग १९६६ ला सात लिटरचं पुशरॉड इंजिन, जे मुळात अमेरिकन स्टॉक कार रेसिंगमधलं होतं, ते घालून फोर्ड पहिली, दुसरी आणि तिसरी आली. फेरारीची एकही ३३० पी-३ शेवटपर्यंत पोचली नाही. फोर्डने काय केलं होतं? टेस्ट बेंचवर इंजिनाला ले मॉन्सच्या लॅपसारखं, गिअर बदलण्याच्या चढउतारासकट, तासन् तास पळवलं होतं. आणि इतक्या जड गाडीचे ब्रेक २४ तास टिकणार नाहीत हे ओळखून फिल रेमिंग्टन यांनी पिटमध्ये पटकन बदलता येतील असे ब्रेक बनवले होते. निदान रेसमध्ये तरी अमेरिकेने वेग वाढवताना थांबण्याचाही विचार केला होता. (खरं म्हणजे जीटी४० चं मूळ ब्रिटिश लोला गाडीत आहे, म्हणून हा विजय एकट्या अमेरिकेचा म्हणणंही जरा जास्तच.)

जिथे मी बचाव करणार नाही

आणि इथेच अमेरिकावाल्या मित्रांना नाराज करते. ले मॉन्सच्या गाडीत ब्रेकवर एवढा विचार झाला, पण शोरूममधल्या साध्या मस्टँगच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पाँटियाक जीटीओलाही चारही ड्रमच. पुढच्या चाकांना डिस्क मिळायच्या त्या १९६७ पासून, आणि त्याही जादा पैसे मोजून. डिस्क ब्रेक काही नवीन नव्हते. जॅग्वारने १९५३ मध्येच डिस्क लावून ले मॉन्स जिंकली होती.

हिशोब करू. गाडी १,६०० किलो धरा. ताशी ८० किलोमीटरला तिची कायनेटिक एनर्जी साधारण ४ लाख जूल. ताशी १६० ला चौपट, म्हणजे जवळजवळ १६ लाख जूल. थांबायचं तर ही सगळी उष्णता ब्रेकने पचवायची. चार ड्रमचं मिळून ३० किलो ओतीव लोखंड धरलं तर एकदा थांबल्यावर तापमान शंभराच्या वर अंशांनी चढतं. लगेच दुसऱ्यांदा थांबा, आणखी शंभर. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या शूजपासून लांब जातो. पेडल खाली खाली जातं, लायनिंगची पकड सुटते. इंजिनाचे घोडे दुप्पट झाले आणि ब्रेक होते तेच राहिले. आणि गाडी कोणाला विकत होते? विशीतल्या पोरांना, म्हणजे आपल्याच वयाच्या.

'पर डॉलर' हा छेद मी वर डोक्यावर घेतला. पण त्या डॉलरमध्ये काय धरलं होतं? इंजिनाचे डॉलर धरले, थांबण्याचे धरले नाहीत. दवाखान्याचे, हवेचे तर नाहीतच. अमेरिकेत रस्त्यावरचे मृत्यू १९६६ मध्ये वर्षाला ५०,००० च्या वर होते आणि १९७२ मध्ये ५४,००० च्या वर गेले. ही सगळी मसल कारची करणी अजिबात नव्हे. सीट बेल्ट, दारू, रस्ते, सगळंच त्यात आलं. पण तेव्हाच्या एकूण कारभारात जिवाची किंमत कुठेच लिहिलेली नव्हती, आणि मसल कार त्याच कारभाराची लाडकी लेक होती.

मग ते राहिलेले छेद एकेक करून दारात आले. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' आलं आणि १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला. दशकाच्या शेवटी विमा कंपन्यांनी तरुण ड्रायव्हर आणि मोठं इंजिन या जोडीचा हप्ता इतका वाढवला की गाडी परवडली तरी विमा परवडेना. १९७० मध्ये क्लीन एअर ॲक्ट आला. पेट्रोलमधलं शिसं जाणार हे स्पष्ट झालं, कारण शिशाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. पण नॉकिंग थांबवायला तेच शिसं घालत होते. म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलमध्ये कॉम्प्रेशन रेशो खाली आणला. १९७२ पासून हॉर्सपॉवर मोजायची पद्धतच बदलली. आधी 'ग्रॉस' सांगायचे, म्हणजे टेस्ट बेंचवर उघडं इंजिन, ना एअर फिल्टर, ना गाडीचा सायलेन्सर. आता 'नेट', म्हणजे गाडीत बसतं तसं. शेवरलेच्या कॉर्व्हेटमधलं ४५४ क्यूबिक इंचांचं इंजिन १९७१ मध्ये ३६५ होतं, १९७२ मध्ये २७० झालं. एका रात्रीत ९५ घोडे कमी! ते बहुतेक कागदावरचेच होते. १९७३ च्या तेलसंकटाने उरलंसुरलं संपवलं. १९७४ च्या मस्टँगमध्ये व्ही-८ मिळतच नव्हतं.

सरकारने मसल कारचा खून केला, असं तिचे भक्त म्हणतात. मला वाटतं, उधारी थकली होती, ती वसूल झाली. आणि युरोपवाल्यांनी हसू नये. हवेचा छेद फेरारीनेही आपणहून लिहिला नव्हता. त्यांच्या गाड्या इतक्या थोड्या होत्या की कोणाला तो धूर जाणवला नाही, इतकंच.

आता काय?

आज दोन्ही पक्ष एकाच शोकेसमध्ये जाऊन बसलेत. २०१८ मध्ये एक २५० जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. त्याआधी २०१४ मध्ये १९७१ ची एक उघड्या छताची प्लिमथ हेमी कुडा ३५ लाख डॉलरला गेली होती. २०१६ मध्ये मस्टँग अधिकृतपणे भारतात आली ती ६५ लाखांच्या आसपास. फॅक्टरीतल्या कामगाराने हप्त्यांवर घ्यावी म्हणून जन्मलेली गाडी आपल्याकडे आली ती बंगलेवाल्यांसाठी. ज्या छेदाने तिला मोठं केलं तोच हरवला. मग उरलं काय? आवाज आणि पट्टे.

पण प्रश्न जुना झालेला नाही. डॉजने २०२३ च्या शेवटी व्ही-८ ची चॅलेंजर बनवणं थांबवलं आणि २०२४ मध्ये इलेक्ट्रिक चार्जर आणली, अडीच टनांहून जड. इलेक्ट्रिक मोटरने ताकद पुन्हा एकदा स्वस्त केली आहे, अगदी १९६४ सारखी. ब्रेक लावताना मोटर थोडी एनर्जी बॅटरीत परत टाकते हे खरं, पण अर्धा एम व्ही स्क्वेअरमधला एम आता मोठा झालाय. पुन्हा सगळे शून्य ते शंभरचे सेकंद मोजतायत. टायर, रस्ता, समोरून येणारा सायकलवाला यांचा छेद या वेळी कोण लिहिणार? आणखी काही वर्षांनी ही डिझाइनं आपल्याच बॅचच्या हातात असतील. १९६० च्या दशकात डेट्रॉइटला जे नंतर शिकावं लागलं, ते आपण आधी शिकलो तर बरं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'पर लिटर' म्हणालं, किंवा प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये कोणी 'एफिशियन्सी वाढली' असं छातीठोक सांगितलं, तर एकच प्रश्न विचारा: भागिले काय? रुपये, किलो, लिटर की माणसं? सरांनी विचारायच्या आधी आपणच विचारलेला बरा. आणि मसल कारवाल्यांनो, पोस्टर खुशाल लावा. मला त्या गाड्या मनापासून आवडतात. फक्त पोस्टरखाली ब्रेकची साइझही लिहा.